बिल्ला एम५चा, इंजिन ५३०आयचं

साध्या ५३०आयला बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एम विभागाच्या एम५चं रूप देऊन ती एम५ म्हणून विकली जाते, आणि आपण फसलो हे बहुतेकांना विमा नव्याने काढताना कळतं. पॉलिसीवर 'बीएमडब्ल्यू ५३०आय, १९९८ सीसी' असं छापून येतं आणि एम५ म्हणून पैसे मोजलेला माणूस एजंटवरच डाफरतो, मॉडेल चुकीचं टाकलंत म्हणून. एजंटचं काही चुकलेलं नसतं. आरसीवर आहे तेच त्याने उतरवलेलं असतं.

ही फसवणूक ५ सिरीजच्या जी३० पिढीत जास्त सोपी जाते. त्या पिढीची एम५ म्हणजे एफ९०. तिच्यात ४३९५ सीसीचं, दोन टर्बोंचं व्ही८ इंजिन, ६०० पीएस ताकद, ७५० न्यूटनमीटर टॉर्क आणि चारही चाकांना ताकद देणारी एम एक्सड्राइव्ह यंत्रणा. कॉम्पिटिशन मॉडेलला ६२५ पीएस. भारतात ही गाडी तयार आयात होऊन आली. त्या पिढीची ५३०आय मात्र चेन्नईत जुळवली जायची: ४ सिलिंडर, २५२ पीएस, ३५० न्यूटनमीटर, ताकद फक्त मागच्या चाकांना. दोघींचा मूळ सांगाडा एक, दारं सारखी, डॅशबोर्डही जवळपास सारखा. शिवाय दोन्ही पेट्रोल, त्यामुळे पंपावरही संशय येत नाही. त्यात कंपनीच ५३०आयला 'एम स्पोर्ट' नावाने एमचं छोटं चिन्ह आणि एमचं स्टिअरिंग द्यायची. अर्धं सोंग कारखान्यातूनच आलेलं असतं, उरलेलं अर्धं बॉडीकिटवाला भरून काढतो.

किटमध्ये पुढचा-मागचा बंपर, गिल (हवेच्या फटी) असलेले फेंडर, आरशांच्या टोप्या, डिकीवरचा छोटा स्पॉयलर, २० इंची चाकं आणि सायलेन्सरची चार तोंडं येतात. डिजिटल मीटरवर एमचं चिन्ह कोडिंगने आणता येतं. ब्रेकचे निळे कॅलिपर तर बऱ्याचदा कॅलिपर नसतातच, मूळ कॅलिपरवर चढवलेली प्लास्टिकची टोपणं असतात.

किट लावणं हा काही गुन्हा नाही, हौस असते लोकांना. खोड आहे ती विक्रीच्या कागदात. जाहिरातीत 'एम५', तोंडी 'एम५', फोनवर 'एम५', आणि सौद्याच्या कागदावर फक्त 'बीएमडब्ल्यू ५ सिरीज, आहे त्या स्थितीत'. पुढे वाद झाला की विकणारा तोच कागद पुढे करतो, आणि त्यात अक्षरही खोटं नसतं. म्हणून बयाणा देण्याआधी कागदावर एम५ हे मॉडेल, ४३९५ सीसी, ८ सिलिंडर आणि पूर्ण १७ अक्षरांचा चासी नंबर लिहून मागावा. खरी गाडी असेल तर यात अडण्यासारखं काही नाही. 'आरसीत मॉडेल नीट चढलेलं नाही, इंपोर्टेड गाड्यांचं असंच होतं' हे उत्तर आलं की उठावं. मॉडेलचं नाव आरटीओत चुकू शकतं. पण मॉडेल, सीसी आणि सिलिंडर तिन्ही चुकून नेमके ५३०आयचेच कसे होतील?

आरसीचा फोटो किंवा लॅमिनेट केलेली प्रत पुरावा धरू नये, ती संगणकावर दहा मिनिटांत बदलते. वाहन क्रमांक स्वतः एमपरिवहन ॲपमध्ये टाकावा. परक्याच्या गाडीचं मालकाचं नाव तिथे झाकलेलं असतं, पण मॉडेल आणि इंधन दिसतं. मग मूळ कार्डावर सीसी पाहावी. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना त्यातला चासी आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघावा. घाईत 'आधी सही करा, भरून घेतो' म्हणणारा दलाल इथेच डाव साधतो.

सगळ्यात पक्की खूण चासी नंबराच्या पहिल्या तीन अक्षरांत. एम विभागाच्या गाड्यांचा नंबर डब्ल्यूबीएसने सुरू होतो, साध्या बीएमडब्ल्यूचा डब्ल्यूबीएने. सगळ्याचं सोंग आणता येतं, पण पैशाचं नाही असं म्हणतात. गाडीच्या बाबतीत ते चासी नंबराचंही सहजी आणता येत नाही. बॉनेटखाली कोरलेला, दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा आणि स्कॅनर लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधून वाचलेला, असे तिन्ही नंबर एकच हवेत. अमेरिकेत जुनी गाडी घेणाऱ्या मराठी मंडळींनी तर सीसीवर अजिबात विसंबू नये. तिथे एम५५०आय मिळते, तिलाही ४३९५ सीसीचं व्ही८ आणि चारही चाकांना ताकद आहे. तरी ती एम५ नव्हे, आणि तिचा नंबर डब्ल्यूबीएच असतो.

कागद झाल्यावर गाडी लिफ्टवर घ्यावी. हजार-दोन हजार वाचवायला हे टाळणारे नंतर लाखांत रडतात. पुढच्या चाकांमागे रबरी बूट चढवलेले ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकांना ताकद पोचवणारे दांडे, दिसले पाहिजेत. ५३०आयला ते नसतात आणि कोणताही किटवाला बसवून देत नाही. धुराड्याचे पाइप माग काढत बघावेत. नकलीत चारपैकी दोन तोंडं नुसती बंपरला अडकवलेली असतात. इंजिन दहा मिनिटं चालवलं तरी ती थंडच राहतात. खऱ्या एफ९०च्या पुढच्या डिस्क ३९५ मिलिमीटरच्या, सहा पिस्टनच्या कॅलिपरसह. २० इंची चाकातही डिस्कच्या बाहेर फारशी जागा उरत नाही. चाकाच्या आऱ्यांच्या फटीतून डिस्क चाकात हरवल्यासारखी दिसली तर कॅलिपरवर नख वाजवून बघा, प्लास्टिकचा आवाज लपत नाही.

एम५ची रुंदी आरसे सोडून १९०३ मिलिमीटर, साध्या जी३०ची १८६८. पण किटमध्ये फुगीर फेंडर आले तर टेप लावून भागत नाही. तेव्हा चाकं बघावीत. एक्सल जुनाच असल्याने पुढची चाकं फेंडरच्या आत दबलेली दिसतात, किंवा ती बाहेर आणायला मागे जाडजूड स्पेसर टाकलेले असतात. छप्पर एफ९०चं कार्बन फायबरचं. नकलीत त्यावर विनाइल फिल्म असते, दार उघडून रबराच्या कडेला नख लावलं की तिची कड उचलते.

चालवताना स्टिअरिंगवरची लाल एम१, एम२ बटणं दाबावीत. स्क्रीनवर काहीच हललं नाही तर ती शोभेची आहेत. मेनूत फोरडब्ल्यूडी, फोरडब्ल्यूडी स्पोर्ट आणि टूडब्ल्यूडी हे पर्याय असायला हवेत. आवाजावर जाऊ नये, सायलेन्सर बदलून चार सिलिंडरही गुरगुरतात. ० ते १०० ला एम५ ३.४ सेकंद घेते, ५३०आय ६.२. हा फरक पाठीला कळतो, पण गर्दीत 'टेस्ट ड्राइव्ह' घडवून आणणारे तो कळू देत नाहीत.

व्यवहार होऊन गेला असेल तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि बँकेचे व्यवहार लगेच जपून ठेवावेत. जाहिरात पहिली गायब होते. १ जुलै २०२४ पासूनच्या प्रकरणात फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, बनावट आरसी दाखवली असेल तर ३३६ आणि ३४० सुद्धा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करावा. विकणारा व्यावसायिक असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे: मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. तिथे पहिला प्रश्न गाडी नेमकी काय आहे हाच येतो. म्हणून रागाने किट उपटून टाकण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत आणि वर्कशॉपकडून चासी नंबरासह लेखी अहवाल घ्यावा.