नावं छापायची की नुसते आकडे?

डिसेंबर २०१२, अमेरिकेतल्या सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबाराला दहा दिवसही झाले नव्हते आणि न्यूयॉर्कजवळच्या द जर्नल न्यूज पेपरने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पिस्तूल परमिटवाल्यांचा मॅपच ऑनलाइन टाकला, टिंबावर क्लिक केलं की नाव पत्ता हजर. माहिती सरकारी रेकॉर्डमधली, म्हणजे कायद्याने काही चूक नाही. पण परमिट आहे म्हणजे घरात पिस्तूल आहेच असं नाही, आणि रायफल शॉटगनला तेव्हा तिथे हे परमिट लागतच नव्हतं म्हणून त्या मॅपवर नव्हत्याच, मग शेजाऱ्याला नक्की कळलं काय? चोराला मात्र दोन्हीकडून फायदा, कुठे बंदूक मिळेल आणि कुठे नाही. नवऱ्यापासून लपून राहणारी बाई असेल तर तिचा पत्तापण जगजाहीर. गंमत म्हणजे लोक इतके भडकले की पेपरनेच ऑफिसबाहेर बंदूकधारी गार्ड ठेवले!

त्यापेक्षा पिनकोडनिहाय आकडे द्या ना. किती परमिट, किती अर्ज नाकारले, हे कळलं की प्रशासनाला जाब विचारता येतो. हां, एक गोष्ट नावांशिवाय जमत नाही, ती म्हणजे गुन्हा सिद्ध झालेल्याला परमिट दिलंय का हे तपासणं. पण ते रिपोर्टरने लिस्ट घेऊन ऑफिसात बसून करावं, सगळ्या गावाला कशाला वाटायची? २००७ मध्ये व्हर्जिनियात द रोनोक टाइम्सने अशीच यादी टाकून लगेच काढली होती. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या नव्या कायद्याने परमिटवाल्यांना नाव गुप्त ठेवायची सोय दिली, मग जर्नल न्यूजनेही मॅप उतरवला.