अथेन्स एका दिवसात: जहाजाची टूर की मेट्रो?

क्रूझ अथेन्सच्या पिरेअस बंदराला सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. तेवढ्या वेळात अथेन्स बघायचं तर दोन मार्ग.

जहाजाच्या टूरमध्ये बस धक्क्यावरच उभी असते, तिकिटं काढलेली असतात, गाइड सोबत असतो. महागात पडतं, पण बस ट्रॅफिकमध्ये अडकली तरी जहाज थांबतं, पैसे खरे त्याचेच. त्रास गर्दीचा. सगळ्या बसेस एकाच सुमारास टेकडीवरच्या प्राचीन गडाला, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसला पोचतात, आणि तिथल्या पार्थेनॉन मंदिरासमोर चाळीस जणांच्या घोळक्यात गाइडची छत्री शोधण्यातच वेळ जातो.

मेट्रो स्वस्त आहे. २०२२ पासून निळी लाइनही पिरेअसपर्यंत येते. हिरवी तर जुनीच. दोन्ही थेट गडाजवळच्या मोनास्तिराकी स्टेशनला नेतात, साधारण अर्ध्या तासात. मात्र धक्क्यापासून स्टेशन लांब पडू शकतं आणि हिरव्या लाइनवर पाकीट सांभाळावं लागतं. अ‍ॅक्रोपोलिसचं वेळेचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, शक्यतो सकाळचं. वरचा संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, उन्हाळ्यातही पाय सटकतो, चप्पल नको. उतरल्यावर अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम चुकवू नका: वरच्या एरेक्थिऑन मंदिराच्या सहा स्त्री-स्तंभांपैकी पाच मूळ मूर्ती इथे आहेत, सहावी लंडनला. पाठीमागून बघा, दगडातल्या जाड वेण्या फार सुंदर कोरल्यात. टूरवाले इथे नेतीलच असं नाही.

मी मेट्रोच घेईन, पण जहाज सुटायच्या दोन तास आधी पिरेअसला परत. उशीर झाला तर ते आपल्यासाठी थांबत नाही. सोबत गुडघे दुखणारे आईवडील असतील, तर मुकाट्याने टूर घ्यावी.