सेगा सॅटर्नची पुसली जाणारी सेटिंग: सेल बदलून काही महिने वापरल्यावर

चालू केल्या केल्या सॅटर्नने, म्हणजे सेगाच्या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलने, भाषा विचारली, मग तारीख-वेळ लावायला सांगितली आणि पुढे खेळाचं सेव्हही (साठवलेली प्रगती) सापडलं नाही, तर कन्सोल मेला असं समजून तो काढून टाकू नका. बहुतेक वेळा आतला सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल संपलेला असतो. माझ्याकडे हा कन्सोल वापरलेलाच आला आणि येतानाच हे दुखणं घेऊन आला. इतक्या वर्षांच्या यंत्रात सेल उतरलेला असणारच, त्याला दोष म्हणता येणार नाही. नवा सेल घालून आता बरेच महिने झाले. मी तो नियमित खेळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सॅटर्न १९९४ साली जपानमध्ये आला. त्याच्या पोटात सेव्हसाठी फक्त ३२ केबी मेमरी आहे. कन्सोल बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं, निवडलेली भाषा लक्षात ठेवायची आणि ते सेव्ह जपायचे, ही तिन्ही कामं एकटा सेल करतो. निदानाची किल्ली इथेच आहे. तिन्ही गोष्टी एकदम गेल्या तर सेलकडे बघा. तारीख बरोबर दाखवतोय आणि एखादंच सेव्ह दिसत नाही, तर सेलला हात लावू नका. अशा वेळी मेमरी भरली असण्याची शक्यता जास्त. काही खेळ एवढी जागा खातात की ३२ केबी लगेच संपते. डिस्क न घालता कन्सोल सुरू केला की सीडी प्लेअरचा पडदा येतो, तिथून मेमरी मॅनेजरमध्ये जाऊन किती जागा उरली ते दिसतं.

सेल बदलणं अगदी सोपं आहे. मागच्या बाजूला एक छोटं झाकण आहे, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. व्हिडिओ सीडीचं कार्ड बसवायची जागाही त्याच झाकणाआड आहे. जुना सेल कसा बसलाय ते नीट बघून नवा तसाच बसवा. मल्टीमीटर असेल तर नवा सेलही मोजून घ्या. ताजा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, त्यापेक्षा कमी दाखवला तर तो दुकानातच पडून जुना झालेला समजा. आणि सेल धरणारी धातूची पट्टी नक्की तपासा. तिच्यावर हिरवट-पांढरा थर असेल किंवा ती सैल झाली असेल तर नवा सेल घालूनही तारीख पुसली जाते, आणि माणूस उगाच सेलवर सेल बदलत बसतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसली की पुरतं.

सेल अजून थोडा जिवंत असेल आणि सेव्ह वाचवायचे असतील, तर कन्सोल चालू ठेवून सेल बदलणारे आहेत. चालू असताना मेमरीला आतल्या पुरवठ्यातूनच वीज मिळते, त्यामुळे हे जमतं. तरी मला विचाराल तर आधी सेव्ह वरच्या खाचेत बसणाऱ्या मेमरी कार्ट्रिजवर कॉपी करा, मग कन्सोल बंद करून निवांत सेल बदला.

इतक्या महिन्यांत घड्याळाने एकदाही दगा दिला नाही. तारीख बरोबर राहण्याचा खरा आनंद 'ख्रिसमस नाइट्स'मध्ये मिळतो. हा खेळ कन्सोलची तारीख बघून रूप बदलतो, डिसेंबर लागला की सगळीकडे नाताळची सजावट. चुकीच्या तारखेवर ती गंमत हुकते.

कार्ट्रिजबाबत मात्र मी एवढा खूश नाही. मेमरी कार्ट्रिजमधले सेव्ह आतल्या सेलवर अवलंबून नसतात, म्हणून ते घ्याच असं मी सांगेन. पण वरची खाच नाजूक आहे. मधूनच कार्ट्रिज ओळखलं जात नाही, मेमरी मॅनेजरमध्ये दिसतच नाही. अशा वेळी घाबरून काहीही फॉरमॅट करू नका, सेव्ह सहसा शाबूत असतात. कन्सोल बंद करा, कार्ट्रिज काढा, त्याच्या सोनेरी पिना अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सरळ दाबून बसवा. कन्सोल चालू असताना ते कधीही काढू-घालू नका. खाच एकच असल्यामुळे जास्तीच्या रॅमचं कार्ट्रिज मागणारे खेळ खेळायचे तर अदलाबदल करावीच लागते, आणि जेवढी अदलाबदल जास्त तेवढी पिनांची झीज. म्हणून असे खेळ मी एका बैठकीत उरकतो.

सेल किती टिकेल? कन्सोल नुसता पडून राहिला तरी तो खर्ची पडतच असतो, साधारण एक-दोन वर्षं धरून चाला. संपत आल्याची कुठलीही सूचना पडद्यावर येत नाही. मी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून बदलल्याची तारीख लिहिली आहे.

ड्रीमकास्टवाल्यांनी (सेगाचा सॅटर्ननंतरचा कन्सोल) मात्र हा उपाय जसाच्या तसा करू नये. त्यातली घड्याळाची बॅटरी सोल्डर केलेली आणि पुन्हा चार्ज होणारी आहे. तिच्या जागी थेट सीआर२०३२ लावला तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये करंट ढकलला जाईल, आणि तो गळू किंवा फुटू शकतो. तिथे चार्ज होणारीच बॅटरी लावा, आणि सोल्डरिंगचा सराव नसेल तर ते काम जाणकाराकडे द्या. खेळाचे सेव्ह व्हीएमयूमध्ये, म्हणजे ड्रीमकास्टच्या मेमरी कार्डात, वेगळे असतात, त्यांना या बदलाने काही होत नाही.