अमेरिकी राजकारण शिकवायचंय: छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज की मोठं सरकारी विद्यापीठ?

राज्यशास्त्रातली पीएचडी संपत आली आहे, विषय अमेरिकी राजकारण, आणि हातात दोन ऑफर आहेत: एक दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या निवासी लिबरल आर्ट्स कॉलेजची (म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजची), दुसरी चाळीस हजारांच्या सरकारी विद्यापीठाची. आपल्या घरांमध्ये असा निर्णय बरेचदा नावावर होतो. मोठ्या विद्यापीठाचं नाव पुण्या-नागपुरातही ठाऊक असतं, पण ग्रिनेल, कार्लटन किंवा केनियन म्हटलं की समोरचा गप्प होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. विषय अमेरिकी राजकारण असेल, तर छोट्या कॉलेजच्या बाजूने सांगण्यासारखं खूप आहे, राज्यशास्त्राच्या इतर शाखांपेक्षाही जास्त. मात्र त्या कॉलेजची आर्थिक स्थिती तपासल्याशिवाय सही करू नका.

आधी वर्गाचं बघू. टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांतून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट कायद्यानेच पूर्ण करावे लागतात. अशा ठिकाणी सुरुवातीचा वर्ग दोन-तीनशे मुलांचा असू शकतो. व्याख्यान तुम्ही देता, चर्चेचे तास आणि पेपर तपासणं टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारे पीएचडीचे विद्यार्थी, सांभाळतात. त्याच्या बदल्यात वरचे वर्ग तुमच्या आवडीचे मिळतात. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्यांवर प्रबंध लिहिला असेल, तर त्यावरच ग्रॅज्युएट (एमए-पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा) सेमिनार घेता येतो.

छोट्या कॉलेजात विभागात अमेरिकी राजकारणाचे प्राध्यापक एक किंवा दोन. त्यामुळे काँग्रेस, अध्यक्षपद, पक्ष, निवडणुका, राज्यांचं राजकारण, संशोधनपद्धती आणि कधीकधी घटनात्मक कायदाही तुमच्याच वाट्याला येतो. टीए नसतात, प्रत्येक निबंध स्वतः वाचायचा. पण वर्गात अठरा-वीस मुलं असतात आणि त्यातली बरीचशी आयुष्यातलं पहिलं मतदान याच गावात करणार असतात.

याचा अर्थ काय होतो, ते केनियन कॉलेजच्या उदाहरणातून कळतं. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या गॅम्बियर गावात, जिथे हे कॉलेज आहे, मतदान केंद्रावर फक्त दोन यंत्रं होती. विद्यार्थी दहा-दहा तास रांगेत उभे राहिले, मध्यरात्र उलटली तरी मतदान सुरूच होतं. भारतात वाढलेला माणूस लगेच विचारतो, निवडणूक आयोग काय करत होता? तिथे देशभराच्या निवडणुका घेणारा असा आयोगच नाही, ओहायोत ते काम प्रत्येक काउंटीचं निवडणूक मंडळ करतं. या एका प्रश्नातून संघराज्य, समान संरक्षणाचं कलम आणि विद्यार्थ्यांच्या मतनोंदणीचा हक्क मान्य करणारा १९७९ चा ‘सिम विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा निकाल, इथपर्यंत जाता येतं. वीस मुलांना घेऊन त्या मंडळाच्या बैठकीलाही जाता येतं, कारण ती लोकांना खुली असते. तीनशेंच्या वर्गात हेच उदाहरण एका स्लाइडवर संपतं. परक्या व्यवस्थेतून आलेल्या शिक्षकाचे प्रश्न इथे खरोखर कामाला येतात, आणि मला या नोकरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

छोट्या जागी संशोधन बंद पडतं, ही भीती आपल्या विषयात अर्धीच खरी आहे. १९४८ पासूनचा राष्ट्रीय निवडणूक अभ्यास आणि १७८९ पासूनचं काँग्रेसमधलं प्रत्येक नोंदवलेलं मत, दोन्ही सर्वांना खुली आहेत. तौलनिक राजकारणवाल्याला महिनोन्‌महिने परदेशी फील्डवर्क करावं लागतं, तुम्हाला तसं नाही. उणीव भासते ती ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांची आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहलेखकाची. वेळही कमी मिळतो. संशोधन विद्यापीठात साधारण दोन-दोनचा लोड असतो, म्हणजे प्रत्येक सेमिस्टरला दोन विषय. सुस्थितीतल्या कॉलेजात तेवढाच किंवा तीन-दोन, बाकी ठिकाणी तीन-तीन आणि त्याहूनही जास्त. सहाव्या वर्षी टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम करण्याचा, निर्णय होतो, तेव्हा मोठ्या विद्यापीठात छापील काम मोजलं जातं, छोट्या ठिकाणी तुमचं शिकवणं. पुढे मोठ्या विद्यापीठात जायचंच असं मनात असेल, तर तीन-तीनची जागा घेऊ नका. तिथून परतणं अवघड जातं.

काय शिकवायचं याचं स्वातंत्र्य हा मुद्दा आता पूर्वीपेक्षा वजनदार झाला आहे. ओहायोने २०२५ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांत नागरिकशास्त्राचा एक कोर्स सक्तीचा केला आणि त्यातली काही वाचनंही ठरवून दिली. खासगी असलेल्या केनियनला किंवा ओबरलिनला तो लागू नाही. उलट, पहिल्या घटनादुरुस्तीचं (अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं) संरक्षण सरकारी विद्यापीठातच मिळतं. खासगी कॉलेजात तुमचं संरक्षण म्हणजे करार आणि फॅकल्टी हँडबुक. ते हँडबुक मागून घ्या आणि नीट वाचा.

आता पैसा. न्यूयॉर्कमधलं वेल्स कॉलेज १८६८ चं, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न १८५६ चं. दोन्ही २०२४ मध्ये बंद झाली. कॉलेजच बंद झालं की टेन्युअर तुम्हाला वाचवत नाही. २००७ नंतर अमेरिकेत जन्म घटले, त्यामुळे कॉलेजच्या वयाची मुलं आता कमी होत जाणार, आणि ती झळ छोट्या, कमी निधीच्या कॉलेजांना आधी बसणार. खासगी ना-नफा कॉलेजांचा करविवरणाचा ९९० फॉर्म सहसा सार्वजनिक असतो. तो काढा, गेल्या पाच वर्षांतले प्रथम वर्षाचे प्रवेश विचारा. आकडे सांगायला टाळाटाळ झाली, तर मी मोठ्या विद्यापीठाची ऑफर घेईन.

जोडीदाराच्या नोकरीचा विचारही आत्ताच करा. कार्लटनहून मिनिअ‍ॅपोलिस तासाभराच्या आत आहे, ग्रिनेलहून डी मॉइन सुमारे तासभर, पण सगळीच कॉलेजं शहराच्या इतकी जवळ नाहीत. ग्रीन कार्डचंही तसंच. प्राध्यापकांसाठीच्या खास प्रक्रियेत निवड झाल्यापासून १८ महिन्यांत अर्ज जावा लागतो. मोठ्या विद्यापीठात त्यासाठी वेगळं ऑफिस असतं. छोट्या कॉलेजात कदाचित तुमचाच अर्ज पहिला असेल. म्हणून तो कोण भरणार, वकिलाचा खर्च कोण देणार आणि पहिल्या वर्षी किती नवे विषय शिकवावे लागतील, हे सही करण्याआधी डीनकडून लेखी घ्या.