स्क्रू कॉम्प्रेसरची एएमसी: तिन्ही प्रकार तपासून

एमआयडीसीत स्क्रू कॉम्प्रेसरसाठी (हवा दाबून लाइनला देणारं मशीन) साधारण तीन तऱ्हेची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, मिळते: नुसती लेबर, पार्टसकट कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि रनिंग अवरवर, म्हणजे मशीन जितके तास चाललं तितके पैसे. घेण्यासारखी तिसरीच, पण तिच्यातलं एक भोक बुजवून.

लेबर एएमसी स्वस्त दिसते. सर्व्हिसवाल्याची कमाई मात्र पार्ट विकण्यात, त्यामुळे चांगले फिल्टरही बदलले जातात. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये बरोबर उलटं: पार्ट त्याच्या खिशातून जातो, म्हणून तो ताणतो. दाबलेल्या हवेतलं तेल गाळणारा ऑइल सेपरेटरच बघा. नवा असताना त्यात सुमारे 0.2 बार प्रेशर पडतं, चोक होत गेला की 1 बारपर्यंत. लाइनवरच्या गेजला तरी 7 बारच दिसतं, कारण तेवढं द्यायला मशीन आतून जास्त जोर लावतं. 1 बार वाढला की वीज साधारण 6 ते 7 टक्के वाढते. 55 किलोवॉटचं मशीन वर्षाला 6000 तास लोडवर, म्हणजे हवा दाबत, चाललं तर लागतात 3,30,000 युनिट. त्यातली पंधरा-वीस हजार नुसती वाया. पार्टचा खर्च वाचला त्याचा, बिल आलं तुमचं!

म्हणून करारात स्पष्ट लिहा: सेपरेटर 4000 तासांना किंवा डिफरन्शियल (सेपरेटरमध्ये पडणारं प्रेशर) 0.8 बारला, जे आधी येईल तेव्हा बदलायचा. दर व्हिजिटला लोड अवर, अनलोड अवर (मशीन हवा न दाबता नुसतं फिरलं ते तास), डिस्चार्ज टेम्परेचर आणि डिफरन्शियलची नोंद, खाली दोघांच्या सह्या.

आता रनिंग अवरमधलं भोक. मशीन जितकं जास्त चालेल तितके त्याला पैसे, मग लाइनचे लीक तो कशाला शोधेल? तिमाहीत एकदा, सुट्टीच्या दिवशी, लाइन भरलेली ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि घड्याळ लावा. 3 मिनिटं लोड, 12 मिनिटं अनलोड आलं तर गळती 20 टक्के. ती 10 टक्क्यांच्या आत आणली की वाचलेल्या विजेतला ठरावीक वाटा त्याला द्या. हा वाटा देताना हात आखडू नये. लीक शोधायला माणूस अर्धा दिवस शेडभर फिरतो.

त्याच्या बाजूनेही दोन कलमं हवीतच. ऑर्डर नसताना मशीन बंद राहिलं तरी महिन्याचे किमान तास धरायचे, नाहीतर तो स्पेअर स्टॉकला ठेवणार नाही. आणि रूमचं टेम्परेचर 40 अंशांच्या वर असताना हाय टेम्परेचरवर ट्रिप झालं, तर दंड लावायचा नाही. एक्झॉस्टची गरम हवा डक्टने बाहेर काढणं हे मालकाचं काम आहे, आणि बहुतेक शेडमध्ये तेच राहिलेलं असतं.