सीबीएसजवळचे जुन्या कायदेग्रंथांचे दुकान आणि तिथे मिळालेले न्यायमूर्ती हार्लन

नाशिकच्या जिल्हा न्यायालयातून बाहेर पडून सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, बाजूला चालू लागले की झेरॉक्स, टंकलेखन आणि नोटरीच्या टपऱ्यांच्या मागे जुन्या कायदेग्रंथांचे एक अरुंद दुकान लागते. निवर्तलेल्या किंवा वकिली सोडलेल्या वकिलांच्या घरून मालक पुस्तकांची अख्खी कपाटे उचलून आणतात आणि एका घरातला संग्रह शक्यतो एकत्रच ठेवतात. त्यामुळे फौजदारी कायद्याच्या टीकाग्रंथांशेजारी एखाद्याची गीता, त्याने वर्गणी भरून घेतलेले दिवाळी अंक आणि परदेशी न्यायाधीशांची चरित्रे असा खरा वाचनाचा माग तिथे दिसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे जाडजूड इंग्रजी चरित्र मला याच दुकानात मिळाले, आणि दुकानाविषयी जे सांगायचे आहे ते या एका खरेदीवरून पुरेसे सांगता येईल.

पुस्तक हातात घेताच मालक म्हणाले, "सर, पहिलं पान नाही यात, आधीच सांगतो. मागून म्हणाल, काका बोलले नाहीत." शीर्षकाचे पान खरोखरच फाटून गेले होते आणि कण्यावर केवळ आडनाव उरले होते. किंमत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली होती, ३५० रुपये. पान नसल्याने त्यांनी आपणहून ५० रुपये कमी केले. जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात दोष विकणाऱ्याने आधी दाखवावा, ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी फोल ठरते. इथे स्टुलावर बसून हवे तितके चाळू देतात, मधली पाने सुटलेली नाहीत ना हे स्वतः उलटून दाखवतात, आणि घासाघीस करणाऱ्याला चहा पाजतात पण किंमत सोडत नाहीत.

आता ग्रंथाकडे वळतो. हार्लन यांचा जन्म १८३३ मध्ये केंटकी राज्यात झाला. वडील वकील आणि राजकारणी होते, त्यांनी मुलाचे नाव सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यावरून ठेवले, आणि घरात गुलाम होते. त्याच घरात वाढलेला रॉबर्ट हार्लन हा मिश्रवर्णी तरुण पुढे घोड्यांच्या शर्यतींत नाव काढून ओहायोच्या विधिमंडळात निवडून गेला. तो जॉनचा सावत्र भाऊ असल्याचे बोलले जात असे आणि त्या नात्याविषयी अभ्यासकांत अजूनही वाद आहे. चरित्रकाराने हा भाग सनसनाटी न करता, पण झाकूनही न ठेवता लिहिला आहे.

पंचविशीतच, १८५८ मध्ये, ते फ्रँकलिन परगण्याचे न्यायाधीश झाले. दक्षिणेतली गुलामगिरी असलेली राज्ये फुटून यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा केंटकी हे गुलामगिरी असलेले आणि तरीही संघराज्यात राहिलेले राज्य होते. हार्लन यांनी १८६१ मध्ये संघराज्याच्या बाजूने दहावी केंटकी पायदळ पलटण उभी केली आणि तिचे कर्नल झाले. डिसेंबर १८६२ मध्ये, बंडखोरांचे घोडदळ घेऊन रेल्वेचे पूल जाळत सुटलेल्या जॉन हंट मॉर्गनच्या पिछाडीवर त्यांनी रोलिंग फोर्क नदीकाठी हल्ला चढवला. त्या चकमकीचे वर्णन ग्रंथात फार लांबले आहे आणि नकाशा एकही नाही; केंटकीच्या नद्या ठाऊक नसलेल्या वाचकाला ही पाने कंटाळवाणी होतील. वडील वारल्यावर १८६३ मध्ये त्यांनी सैन्य सोडले आणि त्याच वर्षी ते राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले.

ग्रंथाचे खरे मोल यापुढे आहे. संघराज्यासाठी लढलेला हा माणूस गुलामगिरीविरुद्ध लढला नव्हता. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्याने जाहीर विरोध केला, आणि डिसेंबर १८६५ मध्ये ती अमलात येईपर्यंत स्वतःच्या घरचे गुलाम मुक्त केले नाहीत. मग केंटकीत कृष्णवर्णीयांवर टोळ्यांचे हल्ले सुरू झाले, जुने पक्ष मोडीत निघाले आणि १८६८ च्या सुमारास हार्लन गुलामगिरी संपवणाऱ्या रिपब्लिकन पक्षात आले. १८७१ च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात विरोधकांनी त्यांची जुनी भाषणे काढून दाखवली, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: मी सुसंगत होतो असे म्हटले जाण्यापेक्षा मी बरोबर होतो असे म्हटले जावे. ती निवडणूक ते हरले, १८७५ चीही हरले. १८७६ च्या पक्ष अधिवेशनात केंटकीच्या प्रतिनिधींची मते त्यांनी रदरफोर्ड हेज यांच्या पारड्यात टाकली आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष हेज यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. या नेमणुकीत राजकीय परतफेड किती आणि मतपरिवर्तनात सोय किती, हे प्रश्न चरित्रकार विचारतो आणि वाचकावर सोडतो. माझ्या मते ते योग्यच आहे. माणसाचे मन कोणत्या तारखेला पालटले हे कागदपत्रांतून काढता येत नाही.

जे कागदावर आहे ते मात्र विलक्षण आहे. सराया, नाट्यगृहे आणि प्रवासी वाहने सर्व वर्णांना खुली करणारा १८७५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी रद्द केला. एकटे हार्लन विरोधात होते. त्यांचा युक्तिवाद असा होता की तेराव्या दुरुस्तीने माणसाची खरेदीविक्री तर थांबवलीच, शिवाय गुलामीच्या खुणा पुसण्याचा अधिकारही संसदेला दिला. आणि जी सराई किंवा रेल्वे सार्वजनिक परवान्यावर चालते तिच्यावर सार्वजनिक कर्तव्यही येते. अठरा वर्षांपूर्वी ज्या दुरुस्तीला त्यांनी कडाडून विरोध केला होता, तिच्याच पायावर हे भिन्नमत उभे आहे. सैनिक, राजकारणी आणि न्यायाधीश अशी तीन आयुष्ये एका बांधणीत वाचण्याचे कारण हेच. केवळ निकालपत्र वाचणाऱ्याला हा पेच कळतही नाही.

हे भिन्नमत लिहिताना त्यांची लेखणी अडून बसली होती. पत्नी मालव्हिना यांच्या आठवणींत आलेली हकिकत ग्रंथात आहे. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा १८५७ चा निकाल ज्या दौतीतल्या शाईने लिहिला, ती दौत हार्लन यांच्या संग्रही होती. मालव्हिना यांनी ती लपवून ठेवली होती. एका रविवारी नवरा चर्चला गेलेला पाहून त्यांनी ती घासूनपुसून, शाई भरून त्याच्या मेजावर ठेवली, आणि त्यानंतर लेखन मार्गी लागले.

या प्रकरणाच्या समासात पुस्तकाच्या आधीच्या मालकाने, म्हणजे कोणा नाशिककर वकिलानेच, बारीक पेन्सिलीने लिहिले आहे: "विहीर? धर्मशाळा? देऊळ?" ज्या गावात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे चालला, तिथल्या वकिलाला हे तीन शब्द सुचावेत यात नवल नाही. टिपणे खोडून पुस्तक स्वच्छ करण्याचा उद्योग दुकानदाराने केला नाही, हे त्यांचे उपकारच मानतो. दुसरी खूण १८९६ च्या प्लेसी खटल्यातील भिन्नमतापाशी आहे. लुईझियानाच्या रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे ठेवणारा कायदा न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी उचलून धरला, तेव्हा हार्लन यांनी लिहिले की या देशात नागरिकांचा कोणी श्रेष्ठ, सत्ताधारी वर्ग नाही, येथे जात नाही, आपली घटना कोणाचा वर्ण पाहत नाही. त्या ओळीखाली रेघ नाही. रेघ त्याआधीच्या वाक्यांखाली आहे, जिथे हार्लन गौर वंश स्वतःला देशातला प्रबळ वंश मानतो आणि तत्त्वांना धरून राहिला तर तसाच राहील असेही म्हणतात. समासात फक्त एक उद्गारचिन्ह आहे. पेन्सिलवाल्या वकिलाचे वाचन चरित्रकारापेक्षा कडक होते, असे मला वाटते.

कारण पुढे चरित्रकार सैल पडतो. त्याच भिन्नमतात चिनी लोकांविषयीचे तिरस्काराचे वाक्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांपोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क याला १८९८ मध्ये न्यायालयाने नागरिक ठरवले, तेव्हा हार्लन विरोधी मतात सामील होते. जॉर्जियातील रिचमंड परगण्याने गोऱ्या मुलींची माध्यमिक शाळा चालू ठेवून कृष्णवर्णीयांची बंद केली, तेव्हा १८९९ मध्ये ती कृती चालवून घेणारा एकमताचा निकाल तर हार्लन यांनी स्वतः लिहिला. गव्हर्नरपदाच्या दोन पराभवांना अख्खी प्रकरणे देणारा ग्रंथ या तिन्ही गोष्टी मोजक्या पानांत उरकतो. १९११ मधील मृत्यूपर्यंत जवळजवळ चौतीस वर्षे ते न्यायालयावर होते आणि १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला तेव्हा प्लेसीचा पाया ढासळला, हा शेवटचा भाग पुन्हा नीट रचला आहे. सूची उत्तम आहे. खटल्याचे नाव घेतले की पान सापडते.

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. पुस्तकांची यादी नाही, त्यामुळे फोनवर विचारून उपयोग होत नाही. धूळ एवढी आहे की दमा असलेल्यांनी बाहेरच उभे राहून पुस्तक मागवावे. एका खरेदीत मला पावती मागूनही कच्च्या कागदावरच मिळाली, आणि घरी आल्यावर मागच्या पुठ्ठ्याच्या आत कसरीची बारीक छिद्रे दिसली, ती मात्र त्यांनी दाखवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सांगताच त्यांनी कुरकुर न करता शेजारच्या बाइंडरकडून नवा पुठ्ठा आणि कापडी कणा घालून दिला; पैसे घेतले नाहीत.

न्यायालयाच्या सुट्टीच्या दिवशी दुकान बहुधा बंद असते, आणि दुपारी वकिलांची जेवणाची सुट्टी झाली की स्टूल मिळत नाही. सकाळी अकराच्या आधी गेल्यास मालक मोकळे असतात. त्याच वकिलाच्या संग्रहातील बाकीची पुस्तके डाव्या हाताच्या खालच्या खणात आहेत; त्यांपैकी अनेकांच्या समासात तीच बारीक पेन्सिल आहे.