जुना आय-फाइव्ह, बॉइंक आणि नाशिकचा उन्हाळा: काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगतो. चोवीस तास बॉइंक (घरच्या संगणकाचा रिकामा वेळ विज्ञान-प्रकल्पांच्या गणितांना देणारं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर जुन्या मशीनचा वेग वाढवत बसू नका, व्होल्टेज उतरवा.

माझ्याकडे २०११ सालचा इंटेलचा आय-फाइव्ह २५००के प्रोसेसर असलेला पीसी आहे. चार कोअर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. ‘के’ असल्यामुळे मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) मोकळा, आणि मदरबोर्ड झेड६८ असल्यामुळे तो वाढवताही येतो. (एच६१ बोर्डवाल्यांनी हा नाद सोडावा.) भंगारवाला देणार तरी किती? म्हणून दिवाळीनंतर इंदिरानगरच्या घरात एका कोपऱ्यात लिनक्स टाकून लावला आणि बॉइंकवरच्या आइनस्टाइन ॲट होम या प्रोजेक्टला जोडला. परग्रहवासीयांचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० ला नवं काम देणं थांबवलं, नाहीतर तेच घेतलं असतं. आइनस्टाइनवाले लायगो वेधशाळेच्या डेटात गुरुत्वीय लहरी आणि फर्मी उपग्रहाच्या डेटात पल्सार (भरभर फिरणारे मृत तारे) शोधतात. लायगो-इंडिया हिंगोलीत होतंय, त्यामुळे ‘हे रात्रंदिवस काय घुरघुरतंय?’ असं विचारणाऱ्या परभणीच्या पाहुण्यांची समजूत लवकर पटली.

थंडीत ४.४ गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्टवर ठेवला होता. निफाडकडे पारा उतरला की नाशिकची खोलीही गार असते, त्यामुळे तापमान सत्तरीच्या पुढे फारसं गेलं नाही. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन पाहणारा प्रोग्राम) रात्रभर चाललं, मशीन एकदाही हँग झालं नाही. गेम खेळणारा इथेच खूश होऊन थांबला असता. पण प्रोजेक्टच्या खात्यात पाहिलं तर मधूनमधून एखादं काम ‘इनव्हॅलिड’. इथे एकच काम दोन वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर जातं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहतात. जुळली नाहीत तर तिसऱ्याकडे पाठवतात. ज्याचं उत्तर चुकीचं, त्याचे कित्येक तास आणि तेवढी वीज पाण्यात, शिवाय तिसऱ्या कुणाला तरी तेच काम पुन्हा करावं लागतं. म्हणजे मशीन बंद पडत नाही म्हणून ते बरोबर मोजतंय, असं नाही. ओव्हरक्लॉकच्या, म्हणजे वेग वाढवण्याच्या, व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही.

तिथून खाली यायला लागलो. विजेचा खप वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. ३.६ गिगाहर्ट्झ आणि १.०७ व्होल्टवर आल्यावर सॉकेटला लावलेल्या मीटरवर १८० वॅटचे ११० झाले. महिन्याचा हिशेब मांडा: १३० युनिटऐवजी ७९. वेग गेला साधारण १८ टक्के, वीज वाचली जवळपास ३९. बिलाचा स्लॅब बदलला की काय होतं, हे घर चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि त्यानंतर एकही काम इनव्हॅलिड आलेलं नाही.

उन्हाळ्यात खरी परीक्षा. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस, खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे नवी थर्मल पेस्ट लावली, पण त्याहून जास्त फरक पडला तो कूलरच्या पात्यांमागची धूळ काढल्याने. शेजारी बांधकाम चालू असल्याने तिथे अक्षरशः राखाडी नमदा तयार झाला होता, ब्रशने निघेना, टोकदार काडीने सोलून काढला.

बॉइंकमधली एक सेटिंग मात्र टाळा. ‘सीपीयू वेळ’ ६० टक्क्यांवर ठेवली की ते काम थोडं चालवतं, थोडं थांबवतं. तापमान वरखाली होतं आणि पंखा धापा टाकतो. त्यापेक्षा कोअरची टक्केवारी ७५ करा, तीन कोअर सलग चालू द्या.

वीज गेली की शेवटच्या चेकपॉइंटनंतरचं (झालेलं काम डिस्कवर जपलं, त्यानंतरचं) काम पुन्हा करावं लागतं. मी चेकपॉइंट दोन मिनिटांवर ठेवलाय. या मशीनसाठी मोठा इन्व्हर्टर घेणं परवडणारं नाही, छोटा यूपीएस पुरतो.

ज्यांना फक्त क्रेडिट (केलेल्या कामाचे गुण) वाढवायचंय त्यांनी जुन्या मशीनवर वेळ घालवू नये, आजचा साधा मिनी पीसी निम्म्याहून कमी विजेत जास्त काम करेल. मी चालवतो, कारण मशीन घरात होतंच. सध्या दिवसा तीन कोअर, रात्री चारही. जूनमध्ये पाऊस लागला की दिवसाही चौथा सुरू करीन, पण १.०७ ला हात लावणार नाही.